देवळात बसलेली टोपी

एस्तेरकाकूंनी उभ्या जन्मात कुणाशी भांडण केलं नाही. त्या प्रार्थना करायच्या.

आमच्या आळीचं म्हणणं, त्यापेक्षा भांडण परवडलं. भांडणाऱ्या बाईला उलटून बोलता येतं, तिचं माहेर काढता येतं, अगदीच कमी पडलं तर दार आपटून आत निघून जाता येतं. प्रार्थना करणाऱ्या बाईचं काय करणार? तिथं मध्ये तोंड घालायची सोय नाही. काकू ओट्यावर उभ्या राहायच्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाईल अशा आवाजात देवाला खबर द्यायच्या.

"हे दयाळू बापा, आमच्या शेजारच्या निलव्वाला सुबुद्धी दे. बाई मनानं लई चांगली हाय. पर आज सकाळी तिनं तिच्या अंगणातला केर माझ्या दारापुढं लोटला, ते तू वरून बघितलंच असशील. तिला क्षमा कर. आन तो केर तिचा तिलाच उचलायची बुद्धी दे. आमेन."

निलव्वा म्हणजे माझी आई. ती हातात झाडू घेऊनच बाहेर यायची.

"देवाला कशाला मधी घालतीस ग? मला सांग की सरळ!"

"तुला सांगितलं तर तू भांडशील, निलव्वा. देव भांडत न्हाय."

आई केर उचलायची. उचलताना कानडीत जे बोलायची ते काकूंना कळत नसे, आणि ते बरंच होतं.

आमचं घर धाराशिवात, काकूंच्या घराला भिंत लावून. निजामाचं राज्य होतं, सरकारदरबारी गावाचं नाव उस्मानाबाद. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, आमचं धान्याचं दुकान. ते ख्रिस्ती, काका सरकारी नोकर. दोन्ही घरांत वाद धर्मावरून कधी झाला नाही, कोंबड्यांवरून मात्र रोज व्हायचा. काकूंच्या कोंबड्या आमच्या दुकानात शिरून पोत्यांवर चोची मारायच्या. आई ओरडली की काकू म्हणायच्या, "तुझा देव गळ्यात असतो ते बरं हाय, निलव्वा. हुडकायला जावं लागत न्हाय. आमाला आमच्या देवाकडं दर इतवारी चालत जावं लागतं." ह्याचा कोंबड्यांशी संबंध काय, हे विचारायचं भान यायच्या आत काकू घरात गेलेल्या असायच्या.

दिसायला बाई आडवी आणि बुटकी. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पितळी क्रूस, आणि हातात छत्री. ही छत्री लाकडी मुठीची, काळी, मिशनच्या कुठल्याशा मडमेनं विलायतेला परत जाताना दिलेली. पाऊस आला की काकू छत्री पदराखाली घ्यायच्या, भिजू नये म्हणून. तिचं काम वेगळं होतं. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, प्रवचन चालू असताना कुणाची मान कलली, की छत्रीचं टोक सतरंजीवरून सरपटत जाऊन त्याच्या बरगडीत शिरायचं. बायकांची बाजू डावी, पुरुषांची उजवी, मधली वाट चांगली ऐसपैस. तरी छत्री पोचायची. पाळकसाहेबांनी एकदा हे बंद करायला सांगितलं. पुढच्या रविवारी निम्मी मंडळी झोपली. त्यानंतर पाळकसाहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

गाण्यात काकू सगळ्यांच्या एक ओळ मागं असायच्या. लहानपणापासून जात्यावर गाऊन गळा तयार झालेला, त्यामुळं कुठलंही गीत असो, त्यांच्या तोंडी ते दळणाच्या चालीनं फिरायचं. सगळी मंडळी स्वर्गात पोचलेली असायची आणि काकू अजून नदीच्या ह्याच काठावर. पेटीवाला बिचारा भाता हलवत थांबून राहायचा. "लवकर म्हणून कुठं जायचंय?" असं त्या त्याला विचारायच्या.

घरी लेकरं बरीच. जेवायच्या आधी प्रार्थना. त्या प्रार्थनेत आधी भाकरीचे आभार, मग ज्वारीचे, मग पावसाचे, मग दिवसभरात कुठल्या लेकरानं काय उद्योग केले त्याचा नावानिशी अहवाल. तोवर भाकरीचा पापड व्हायचा. डोळे उघडायची बंदी होती. खायची बंदी आहे, असं कुणी म्हटलेलं नव्हतं. लेकरं डोळे मिटून जेवायला शिकली. आमेन होईस्तवर ताटं चाटून पुसून स्वच्छ. धाकटा योहान तर न बघता शेजारच्या ताटातला गूळही अचूक उचलायचा. तो पुढं मास्तर झाला. ती सवय मात्र सुटली नाही. लग्नानंतर कितीतरी दिवस त्याची बायको समजत होती, की आपला स्वयंपाक ह्यांना बघवत नाही.

अशी ही बाई. देवाशी थेट बोलणं, आळीवर वचक, देवळात छत्रीचं राज्य. तिला एकच दुःख होतं. देवळात तिचा नवरा नव्हता.

काका, म्हणजे दावीदराव, तहसील कचेरीत अहलकार होते. अहलकार म्हणजे कारकून. बारीक अंगाचे, हळू आवाजाचे. डोक्याला गोंड्याची लाल रुमी टोपी, कारण कचेरीत तीच चालायची. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना 'दाऊद मियाँ' म्हणायचे. ते कुणाची चूक दुरुस्त करत नसत. "हाक मारली की ओ द्यायची, शिवाप्पा," असं मला म्हणायचे. "नावात काय अडकून बसायचं!"

आता आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही, पण निजामाच्या राज्यात सरकारी सुट्टी जुम्म्याला असायची, शुक्रवारी. रविवारी कचेरी चालू. म्हणजे काकूंचा देव ज्या दिवशी बोलवायचा, नेमका त्याच दिवशी काकांना निजामही बोलवायचा. निजाम जवळ होता आणि पगार देत होता.

दर रविवारी सकाळी तोच खेळ व्हायचा. काका दारात उभे राहायचे. टोपी चढवायचे. देवळाच्या दिशेनं बघायचे. मग सुस्कारा टाकायचे.

"काय करता, सरकारची चाकरी!"

तो सुस्कारा मी भिंतीआडून अनेकदा ऐकलाय. तमाशातल्या राजाला राज्य गेल्यावरही तसा सुस्कारा साधत नाही.

देवळात रिबेकाबाई वाटच बघत असायच्या. त्यांचा नवरा सुतार. दर रविवारी तेल लावून, भांग पाडून उजवीकडं पहिल्या ओळीत. "आमचे येतात बाई," त्या काकूंना ऐकू जाईल असं म्हणायच्या. "सुताराला कुठली आलीय सरकारी चाकरी!"

हे काकूंना लागायचं. आणि नुसत्या अब्रूचा प्रश्न नव्हता. त्यांची पक्की समजूत होती, की शेवटच्या दिवशी वर हजेरी होणार, आणि ती कचेरीतल्यासारखीच होणार. पुकारा होईल, "दावीद हाजिर?" आणि उजवीकडच्या ओळीतून कुणी ओ देणार नाही. मग आपण एकटीनं तिथं किती काळ राहायचं? आणि ते रिबेकाबाईच्या शेजारी?

ह्यावर त्यांनी उपाय काढला. पुरुष मंडळी देवळात बसताना टोपी, पागोटं काढून समोर सतरंजीवर ठेवायची. जिथं टोपी, तिथं माणूस. तेव्हा काकू दर रविवारी काकांची जुनी रुमी टोपी फडक्यात बांधून न्यायच्या आणि उजव्या बाजूला, दुसऱ्या ओळीत, भिंतीकडेला ठेवायच्या. ती जागा दावीदरावांची. तिथं कुणी बसायचं नाही. नवा माणूस चुकून बसलाच, तर डावीकडून छत्री निघायची. हळूहळू मंडळींना सवय झाली. गाताना उभं राहायची वेळ आली की टोपीच्या शेजारचा माणूस तेवढी टोपी उचलून हातात धरायचा आणि खाली बसताना परत ठेवायचा. निघताना काकू टोपीला विचारायच्या, "ऐकलं न्हवं सगळं?"

ह्या टोपीनं एकदा मोठी फजिती केली. बार्शीकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, एक पाहुणे पाळक आले. दिवस गडबडीचे होते. निजामाच्या हद्दीत पाऊल टाकलं तेव्हापासूनच ते घाबरलेले. प्रवचनाला उभे राहिले, उजवीकडं नजर गेली, आणि पाहतात तो गोंड्याची लाल सरकारी टोपी! टोपी आहे आणि माणूस नाही. म्हणजे माणूस कुठंतरी दडून ऐकतोय. पाळकांच्या कपाळावर घाम आला. योजलेलं प्रवचन त्यांनी बाजूला ठेवलं आणि भर उन्हाळ्यात, पंख्याशिवाय, हुजूर निजामसाहेबांचे गुण गायला सुरुवात केली. राजाची आज्ञा कशी पाळावी, राजाच्या आरोग्यासाठी गुडघे टेकून कसं मागावं, आणि बार्शीपेक्षा इथली हवा किती चांगली, इथवर गाडी गेली. शेवटी टोपीकडं बघून त्यांनी मान लववली.

मंडळींना वाटलं, टोपीला नमस्कार केला. मोठा भक्त दिसतो. काकू मात्र संतापल्या. "आमच्या मालकाच्या टोपीपुढं त्या निजामाची स्तुती कशाला? सहा दिवस तेच ऐकत्यात की कचेरीत!"

रिबेकाबाईंना आयतंच मिळालं. त्या देवळाच्या पायरीवर म्हणाल्या, "एस्तेरबाई, आता टोपीला एक पालखीच करा. आमचे करून देतील की."

त्या दिवशी काकूंनी ठरवलं. तहसीलदाराला जाऊन भेटायचं आणि रविवारी सकाळपुरती नवऱ्याची सुटका मागायची. काकांना सांगायचं नाही; एकदम आनंदाचा धक्का द्यायचा. काका गिरदावराबरोबर, म्हणजे महसूल तपासनिसाबरोबर, तेरला दौऱ्यावर गेल्याची संधी साधून त्या आमच्या दुकानात आल्या. एका हातात अंड्यांची टोपली, दुसऱ्यात छत्री.

"शिवाप्पा, चल. मला त्यांची उर्दू येत न्हाय."

माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, मी दुकानाचं काम बघत होतो, आणि माझी शाळा सगळी उर्दूत झालेली. मी गल्ला बायकोकडं दिला आणि निघालो. वाटेभर काकू मला शिकवत होत्या. "आधी सलाम कर. मग अंडी दे. मग सांग, बाई लई दुःखी हाय म्हणावं."

तहसीलदारसाहेब वयस्क, गालात पान, बोलणं हैदराबादी आणि अदबीचं. त्यांनी काकूंना खुर्ची दिली. काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. छत्री बसवली आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मी सलाम केला, अंडी पुढं केली आणि विनंती मांडली. हुजूर, दाऊद मियाँच्या घरच्या आल्यात. त्यांचं एवढंच म्हणणं, की इतवारी सकाळी मालकांना गिरजात जायला थोडी मोकळीक मिळावी.

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि ते प्रेमानं हसले.

"अरे, दाऊद मियाँ कू तो कबकीच इजाजत है! हर इतवार कू सबेरे गिरजा जाते, दोपहर कू आते. बोलते, हुजूर, दुआ में आपका बी नाम लेतूं. हमने कब रोका?"

मी तोंड उघडलं. एवढ्यात माझ्या मनगटावर काकूंची बोटं आवळली गेली. उर्दू येत नव्हती, पण गिरजा आणि इतवार एवढं कळायला उर्दू लागत नाही. मी चोरून बघितलं. तोंडावरचा सगळा रंग उतरला होता. आता इथंच, भर कचेरीत, ह्या पदर ओढून प्रार्थना सुरू करणार, आणि काकांची नोकरी जाणार, ह्याबद्दल मला शंका राहिली नाही.

काकूंनी पदर ओढला. मग सोडून दिला.

"सायबांना सांग," त्या म्हणाल्या, "त्याचेच तर आभार मानायला आलेय. दर इतवारी येत्यात म्हणावं. पहिल्या ओळीत बसत्यात."

मी ते उर्दूत सांगितलं. साहेब खूश झाले. अंडी आत गेली. जन्मात खोटं न बोललेली बाई बोलली ती थेट सरकारी खुर्चीसमोर, आणि खोटंही असं नेटकं, की दुसऱ्या ओळीची पहिली ओळ करून टाकली!

कचेरीच्या फाटकाबाहेर आल्यावर, बैलगाड्यांच्या गर्दीत, त्या थांबल्या.

"शिवाप्पा, डोळे मीट."

मी मिटले.

"प्रभू, तू ऐकलंस. शिवाप्पानं काय ऐकलं न्हाय. आमेन."

एवढी आखूड प्रार्थना त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकली नव्हती. आळीत अवाक्षर काढायची माझी हिंमत झाली नाही. लिंगायत असलो म्हणून काय झालं, देवासमोर माझं नाव घेतलं गेलं होतं.

काकांना त्या काही बोलल्या नाहीत. हे मला आजही नवल वाटतं. तोंडावर आणावं तर नवरा लाजेनं देवळात येईल, पण मग रिबेकाबाई विचारणार, आजवर कुठं होते? टोपी दुसऱ्या ओळीत बसत राहिली आणि काका दर रविवारी दारात सुस्कारा टाकत राहिले. फक्त संध्याकाळी जेवताना एक नवं सुरू झालं.

"तुमाला बिचाऱ्यांना सरकार सोडत न्हाय," काकू म्हणायच्या. "तुमच्या वाटणीचं प्रवचन म्या सांगते."

आणि सांगायच्या. पाळकानं जेवढ्या वेळात सांगितलं त्याच्या दुप्पट वेळात, दाखले, खोकले आणि पेटीवाल्याच्या चुकांसकट. मध्येच पोरांसारखी परीक्षा. "मग त्या उधळ्या लेकाला बाप काय म्हणला? सांगा की!" भिंतीपलीकडून काकांचा बारीक आवाज यायचा, "ये म्हणला." "नुसतं ये न्हाय. पळत गेला बाप. घास खाली ठेवा आन नीट ऐका." आम्ही घरातले सगळे भिंतीला कान लावून जेवायचो. माझ्या आईला तो उधळा मुलगा फार आवडायचा. बापानं पाळलेलं ते वासरू कापलं, हे मात्र तिला कधी पटलं नाही.

नवरा नेमका जातो कुठं, हे काकूंना टोपीनंच सांगितलं. ही नवी टोपी, काकांच्या डोक्यावरची. एका रविवारी संध्याकाळी त्या ती ब्रशनं साफ करत होत्या आणि गोंड्यात काहीतरी चकाकलं. माशाचा खवला होता तो. देवळातल्या टोपीत प्रवचन भरत होतं, आणि डोक्यावरच्या टोपीत खवले.

गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याला तळं आहे. तिथं काका गळ टाकून बसायचे. एकटेच. मासा लागला तर कपडे धुणाऱ्या धोब्यांना देऊन टाकायचे. घरी आणायची सोय कुठं होती! हे सगळं मला पुढं त्यांनीच दुकानात पोत्यावर बसून सांगितलं, आणि त्याचा शेवटही सांगितला.

"एका इतवारी तळ्यावर भाकरीचं फडकं सोडलं, शिवाप्पा. भाकरी होती, लसणाची चटणी होती, कांदा होता. आन एका पानात गुंडाळून कणकेचा गोळा. कच्च्या कणकेचा. मळलेला, हळद लावून."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गळाला लावायला!" काकांनी आजूबाजूला बघून आवाज अजून खाली आणला. "मला घाम फुटला. वाटलं, उठावं आन पळत सुटावं. मग वाटलं, पळून जायचं तर घरीच जावं लागतंय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? लावली. कणीक चांगली होती. मासाबी मोठा लागला."

त्यानंतर दर रविवारी फडक्यात कणीक असायची. बायको बोलली नाही, नवरा बोलला नाही. सकाळी कणीक, संध्याकाळी प्रवचन. काकांनी दोन्ही निमूटपणे घेतलं. कणकेसाठी प्रवचन सोसत होते, की प्रवचनासाठी कणीक मिळत होती, हे त्या दोघांनाच माहीत.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. हिंदी फौज आली, पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल संपला. पेढे वाटले, झेंडे लागले. सगळा मुलूख आनंदात असताना धाराशिवात एकच माणूस सुतकी चेहऱ्यानं आमच्या दुकानात शिरला.

"शिवाप्पा, ऐकलंस का? जुम्म्याची सुट्टी गेली." काका पोत्यावर बसले. "इतवारची झाली."

मी त्यांना पाणी दिलं. स्वातंत्र्याची एवढी झळ आमच्या गावात दुसऱ्या कुणाला लागली नसेल.

काकूंनी मात्र लग्नघर केलं. काकांचा कोट धुतला, सदऱ्याला नीळ दिली, न्हाव्याला घरी बोलावलं. आळीत आवतण दिलं. "या इतवारी आमचे देवळात येणारेत. निलव्वा, तूबी ये. दारात उभी राहा, तुझा देव रागवायचा न्हाय." आम्ही सगळे गेलो. मी, माझी बायको आणि आई, दारातल्या चपलांच्या ढिगाशेजारी उभे.

काका आत आले, वरातीतल्या घोड्यासारखे, कुणीतरी ओढून आणल्यासारखे. काकूंनी जुनी टोपी आधीच जागेवर ठेवली होती. काका तिच्यामागं जाऊन बसले. मंडळी माना वळवून बघायला लागली. पाळकसाहेब स्वागताचे दोन शब्द बोलले. सरकारी जाचातून आपला एक बंधू मुक्त झाला, वगैरे. काकूंचा चेहरा तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखा झाला होता.

आणि तेवढ्यात डावीकडून रिबेकाबाई उठल्या.

"एक इचारू का, एस्तेरबाई? आमचा भाचा कचेरीत शिपाई म्हणून लागलाय नवा. तिथं जुनी माणसं सांगत्यात म्हणं, तुमच्या मालकाला दर इतवारी देवळात जायची मुभा होती. दर इतवारी निघायचे म्हणं. मग आमाला इतकी वर्सं दिसली ती नुसती टोपीच कशी?"

पेटीवाल्याचा हात भात्यावरच राहिला. पाळकसाहेबांना एकाएकी पुस्तकात काहीतरी शोधायचं निघालं. काकांचं तोंड आणि भिंतीचा चुना ह्यांत फरक उरला नाही. माझ्या आईनं माझा दंड धरला. ज्या बाईनं साऱ्या गावाचे गुन्हे देवापुढं मांडले, तिचा आज भर देवळात पंचनामा होत होता.

काकू उठल्या. छत्रीवर भार देऊन उभ्या राहिल्या. पदर ओढला.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी मिटले. रिबेकाबाईंनीही. मी मिटले नाहीत. एवढ्या दुरून काकूंना दिसणार नव्हतं.

"हे दयाळू बापा, रिबेकाबाई म्हणती ते खरं हाय. आमच्या ह्यांना रजा होती. ते देवळात आले न्हाईत. तळ्यावर गळ टाकून बसायचे. मला ठावं होतं. तुला तर पहिल्या दिवसापासनं ठावं होतं. तू बोलला न्हाईस, म्हणून म्याबी बोलले न्हाय."

कुणीतरी खोकलं. छत्री एकदा आपटली. खोकला थांबला.

"पर बापा, तुझा लेक तरी कुठं बसायचा? देवळात कमी, आन तळ्याच्या काठी जास्त. सोबतीला त्यानं मासं धरणारी माणसं घेतली. सुतार त्यानं लहानपणापासनं घरात बघितले होते, तरी एकबी सुतार संगं घेतला न्हाय. का, ते त्याचं त्याला ठावं. आमचे तळ्यावर तुला भेटले का न्हाय, ते तुमचं तुमी बघा. रिबेकाबाईचे मालक हितं दर इतवारी येत्यात, त्याला म्या साक्षी हाय. झोपत्यात, त्यालाबी म्या साक्षी हाय. ही छत्रीबी साक्षी हाय. बापा, दोघास्नी क्षमा कर. दोघांची हजेरी लाव. आन आजपास्नं ह्या टोपीला सुट्टी दे. आमेन."

असा दणदणीत आमेन त्या देवळात आधी कधी झाला नसेल. माझी आईसुद्धा म्हणाली. सुतारानं तर सगळ्यात मोठ्यानं म्हटला. नुकताच जागा झाला होता. रिबेकाबाई खाली बसल्या त्या बसल्याच. काकू पुरुषांच्या बाजूला गेल्या, टोपी उचलली, झटकली आणि फडक्यात बांधून टाकली.

पुढं प्रवचन सुरू झालं आणि आम्ही दारातून एक चमत्कार बघितला. काकांचे ओठ हलत होते. पाळकसाहेब एक वाक्य बोलायचे, त्याआधीच ते काकांच्या ओठांवर यायचं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. काय हा भाव, काय ही तयारी! खरी गोष्ट अशी, की पाळकसाहेब आळशी होते, जुनीच प्रवचनं फिरवून फिरवून सांगायचे, आणि काकांनी प्रत्येक प्रवचन रविवारच्या जेवणाबरोबर गिळलेलं होतं.

त्यानंतर काका मरेपर्यंत दर रविवारी देवळात गेले. खिडकीकडेला बसायचे. त्या खिडकीतून डोंगर दिसतो. तळं दिसत नाही, पण ते कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं. काकूंना जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मिळालं तेव्हा नवऱ्याचं तोंड खिडकीकडं होतं. संध्याकाळची प्रवचनं बंद झाली. आता सांगायला काय उरलं होतं? आमच्या घरातलं रविवारचं जेवण अळणी झालं. काका गेले तेव्हा काकूंनी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. त्या दिवशी आळीला काहीच ऐकू आलं नाही.

काकू त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. लेकरं पांगली, दात गेले, आवाज मात्र तसाच. आईचा केर आणि काकूंच्या कोंबड्या, दोन्ही शेवटपर्यंत चालू राहिलं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते एका रविवारी सकाळी. तुळजापूरच्या बाजूला, तामलवाडीला सोयरिकीचं काम होतं, म्हणून लवकर निघालो होतो. तळ्याच्या वाटेनं जाताना काठावर पांढऱ्या केसांचं एक बुटकं माणूस बसलेलं दिसलं. जवळ गेलो तर काकू. हातात काकांचा जुना बांबू. शेजारी फडक्यावर हळद लावलेल्या कणकेचा गोळा. गावाकडून देवळाची घंटा ऐकू येत होती.

"काकू, आज इतवार!" मी म्हटलं. "देवळात गेला न्हाईत?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोरीवरची नजर हलली नाही.

"गेले की. डावीकडं, पहिल्या ओळीत छत्री ठिवून आलेय."

मी हसायला लागलो. त्यांनी कणकेचा एक चिमटा तोडला, बोटांत गोल केला आणि गळाला लावला.

"हळू हास," त्या म्हणाल्या. "मासं बिचकत्यात."